उणे ऐंशीचं दार

प्रेम माणसाच्या आत कुठेतरी फार खोलवर जन्म घेतं, असं जाणकार सांगत आले आहेत. या गोष्टीतलं प्रेम मोठ्या आतड्यात, गुदद्वारापासून वीस सेंटिमीटरवर अडकलं होतं.

सुरुवात फ्रीजरने केली. उणे ऐंशी अंशांचा तो फ्रीजर एका सकाळी बोंबलू लागला. आतड्याच्या कर्करोगावरचा प्रबंध चार वर्षं रेटणारी ती, नमुने वितळू नयेत म्हणून दाराला पाठ लावून पाऊण तास उभी राहिली. मग काखेत हेल्मेट मारून फ्रीजरवाला आला.

"आता सोडा," तो म्हणाला. "मी आलोय."

असं तिला चार वर्षांत कोणी म्हणालं नव्हतं. गाइडबाई तर नाहीच.

दाराचं रबर बदलता बदलता त्याने आत काय आहे ते विचारलं. तिने त्याला कळेल अशा भाषेत सांगितलं. पेशींवर एक प्रकारचा गंज चढतो, सूज येते, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की एखादी पेशी बिथरते.

"आधी गंज की आधी सूज?"

"गंजाने सूज वाढते, सुजेने गंज. एकमेकांवाचून दोघांचं चालत नाही."

"म्हणजे... लग्नच झालंय."

या विषयावर ती प्रथमच हसली.

वडील याच आजाराने गेले, हे त्याने स्क्रू पिळता पिळता सांगितलं. आतड्याची कॅमेऱ्याने होणारी तपासणी तो दोन वर्षं टाळत होता. पुढच्या आठवड्यात करून आला. एक गाठ सापडली, ती काढून तपासायला गेली होती. रिपोर्टला दोन आठवडे. शेजारच्या निरोगी भागाचा एक कण त्याने सही करून तिच्या अभ्यासाला दिला. नमुन्यांच्या डब्यांवर नुसते नंबर असतात. माणूस कोण, हे तिला कळता कामा नये.

"मी सतरा नंबर," त्याने येऊन सांगितलं. "वरच्या खणात, दाराशी."

त्यानंतर तो रोज दोनदा रबर तपासायला येऊ लागला. दार उघडून, कडेने बोट फिरवत, दहा-दहा मिनिटं. रबर अजून बसतंय, म्हणे. रबर इतके दिवस बसत असेल हे तिला पटत नव्हतं. तिने पटवून घेतलं.

चौदाव्या दिवशी तिने नमुने यंत्रात घातले. सतरा नंबरचा गंज हवा त्याच्या चौपट. पुन्हा मोजला... चौपट. एका आकड्यावरून कर्करोग ठरत नाही, असं तिनेच प्रबंधात तीनदा लिहिलं होतं. तरी तिने तिसऱ्यांदा मोजायला घेतला.

तेवढ्यात तो आला. तिच्याकडे बघून दारातच थबकला.

"माझं वाईट आलंय."

"मला सांगता येत नाही."

"सांगितलंत की."

काहीतरी करायचं म्हणून तिने आकड्यांचा कागद पुढे सरकवला, आणि तेव्हा तिला बाकीचे आकडे दिसले. वरच्या खणातल्या बाराही डब्यांचे आकडे चढले होते; खालच्या खणांतला एकही नाही. तिने फ्रीजरची नोंद काढली. चौदा दिवसांत दार सव्वीस वेळा उघडलं होतं, दर वेळी याच्या येण्याच्या सुमारास. वरचे नमुने थोडे वितळून डबीतल्या डबीत गंजले होते.

"रबर नक्की कधी बसलं?" तिने विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग रोज—"

"तुमचं टेबल फ्रीजरशेजारी आहे ना..." तो हेल्मेटकडे बघत म्हणाला. "म्हणजे आतडं बरं आहे?"

"आतड्याचं मला माहीत नाही. नमुना तुम्ही नासवलात."

दुपारी दोघं मिळून गाठीचा रिपोर्ट घ्यायला रुग्णालयाच्या खिडकीशी गेले. लिफाफा त्याच्या हातात, हेल्मेट तिच्या. तो वाचत असताना तिने हेल्मेटचा पट्टा चार वेळा लावला, चार वेळा काढला. गाठ साधी होती, पूर्ण निघाली होती. पुढची तपासणी तीन वर्षांनी.

"तपासणीला भूल देतात," तो लिफाफा खिशात घालत म्हणाला. "घरचं कोणी बरोबर असल्याशिवाय सोडत नाहीत. या वेळी काकांना नेलं होतं. पुढच्या वेळी..."

"येईन," ती म्हणाली.

वरच्या खणातले बाराही नमुने बाद झाले. प्रबंधाला सहा महिने मुदतवाढ मिळाली.