गाडी काढायची असल्यास फोन करा

लायसन कसं काढायचं, जुनी गाडी राई भागातल्या कुठल्या गॅरेजला दाखवायची, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपत आला की आधी कुठं पळायचं, हे सगळं तुम्ही पोरं संध्याकाळपासून विचारताय आणि हा तुळशीदासकाका सांगतोय. आता जेवणं झालीत, गच्चीवर गार सुटलंय, तर एक राहिलेली गोष्ट सांगतो. कुवेतात, त्यातून आपल्या या हवल्लीत, गाडी घेतली की खरं दुखणं सुरू होतं ते पार्किंगचं. इमारतीला इमारत चिकटलेली, गाड्या उदंड, आणि जागा म्हणजे काय, तर दोन इमारतींच्या मधला वाळूचा प्लॉट. उशिरा येणारा खुशाल दुसऱ्याच्या गाडीमागं आपली आडवी लावतो, काचेच्या आत नंबर लिहिलेला कागद ठेवतो आणि वर जाऊन झोपतो. ज्याची अडली त्यानं फोन करायचा. शिव्या मनातल्या मनात द्यायच्या. असा इथला रिवाज आहे.

आमचा देवदत्त तेव्हा इथेच, मागच्या गल्लीत राहायचा. आता तिकडं लांब, एगैला भागात राहायला गेलाय. का गेला ते ऐकलंत की कळेल. माणूस गुहागरकडचा, खाडीकाठच्या धोपाव्याचा. हॉस्पिटलात डायलिसिसची मशिनं सांभाळतो. तीन वर्षं एकटा राहिला. रात्री कुकरला मूठभर भात लावायचा आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून बायकोसमोर जेवायचा. बायको प्रणिता, मुलगी नर्मदा, चार वर्षांची. आजीचं नाव ठेवलेलं, घरात सगळे नमूच म्हणतात. सुट्टीवर गेला तेव्हा ही पोर त्याच्याजवळ येईना. शेजारणीला म्हणाली, "हे नाहीत माझे बाबा. माझे बाबा फोनमध्ये असतात." देवदत्त हसला सगळ्यांच्या देखत, पण परत आल्यावर चार दिवस धड जेवला नाही.

मग लागला बापडा दोघींना इकडं आणायच्या मागे. लायसनच्या परीक्षेत दोनदा आपटला, तिसऱ्यांदा पास झाला. जुनी गाडी घेतली, फॅमिलीचा व्हिसा काढला. प्रणिता यायला तयार नव्हती. परका मुलूख, वाळवंट, ओळखीचं कुणी नाही. शेवटी हो म्हणाली, पण बजावून म्हणाली, "बाहेर आल्यावर पहिलं तोंड तुमचं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर आल्या पावली परत फिरेन आणि पुन्हा विषय काढायचा नाही." बोलल्याप्रमाणे करणारी बाई आहे ती, हे देवदत्तला ठाऊक होतं.

रात्र कुठली? दोन हजार पंचवीस, डिसेंबरची अठरा तारीख. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. प्रणिता मुंबईला बहिणीकडं उद्यापन आटपून विमानात बसलेली. इकडं शुक्रवारच्या सुट्टीची आदली रात्र, म्हणजे अर्धी हवल्ली बाहेर आणि उरलेली पार्किंग शोधतेय. त्यात धुकं. थंडीत इथं कधीकधी असं धुकं उतरतं की समोरची मशीदसुद्धा दिसत नाही.

साडेअकराला देवदत्त खाली उतरला. दाढी केलेली, नवा शर्ट, खिशात प्रणितासाठी घेतलेलं इथलं सिम. तिचा फोन इथं उतरल्यावर चालणार नव्हता, म्हणजे हा पोचेपर्यंत ती मुकीच. प्लॉटवर येऊन बघतो तर गाडीच्या मागं एक पांढरी गाडी आडवी.

तो वैतागला. मोबाईलचा उजेड काचेवर मारला. कागद होता. इंग्रजीत नंबर, आणि त्याखाली स्वच्छ मराठीत लिहिलेलं: गाडी काढायची असल्यास फोन करा.

आता सांगा, कुवेतात, त्या धुक्यात, आपली अक्षरं! देवदत्तचा राग तिथंच विरघळला. आपला माणूस आहे, आत्ता येईल. इथंच तो चुकला बघा. दुसरा कुणी असता तर नंबर एकदा फिरवून, कंटाळून टॅक्सीनं गेला असता. आपण मात्र आपला माणूस म्हटलं की ताटकळत राहतो.

फोन एका रिंगमध्ये उचलला गेला.

"आलो, आलो! समोरच्या इमारतीच्या जिन्यातच आहे. अडली का गाडी तुमची? माफ करा हां."

"असू दे हो. एअरपोर्टला निघालोय, म्हणून घाई. मराठी बघून बरं वाटलं. कुठले आपण?"

"दाभोळ. मी हारून."

"काय सांगता! मी धोपाव्याचा."

"म्हणजे खाडीपलीकडचा की रे! फेरीबोटीतून उतरलास की डाव्या हाताला आमचं घर." आवाज एकदम खुलला. 'तुम्ही'चं 'तू' झालं. "फेरीवर गर्दी असते का रे अजून? आणि माशांचा लिलाव? किती वर्षांत कुणी दाभोळचं नाव घेतलं नाही बघ माझ्याजवळ."

देवदत्तही बोलत बसला. तीन वर्षांत त्याला तरी कुणी धोपाव्याचं विचारलं होतं? कोळंबीचा भाव झाला, जेट्टीवरच्या वड्यांचं झालं. मग त्याच्या लक्षात आलं, की जिन्यातला माणूस अजून जिन्यातच आहे.

"हारूनभाई, जरा लवकर या हां."

"आलोच."

फोन ठेवला. कुणी आलं नाही. धुक्याचे थेंब गाडीच्या टपावरून ओघळत होते. देवदत्तनं फोनवर पाहिलं. मुंबईचं विमान कुवेतच्या हद्दीत आलेलं.

पुन्हा नंबर लावला.

"हारूनभाई, कुठं आहात?"

"जिन्यात. येतोय रे." आवाज थकलेला. "बोलत राहा जरा. इथं अंधार आहे. तू बोललास की बरं वाटतं."

"अहो, पण मला उशीर होतोय…"

"हो ना. मलाही उशीरच झालाय."

देवदत्तला तेव्हा पहिल्यांदा कसंतरी झालं. त्यानं विचारलं, "बरं नाही का तुम्हाला? मी वर येऊ?"

फोनवर नुसता श्वास. खोल, ओढून घेतलेला.

माणूस आजारी असेल, या विचारानं देवदत्त समोरच्या इमारतीत शिरला. तिथला दिवा माणसाच्या चाहुलीनं लागणारा. तो आत आला, दिवा लागला. जिना रिकामा होता.

"हारूनभाई?"

त्यानं नंबर लावला. वर कुठंतरी रिंग वाजली. पहिल्या मजल्याच्या वळणावर. तो धावत चढला. वळणावर कुणी नाही.

रिंग वाजतेय. आता वर, दुसऱ्या मजल्याकडं.

तो चढला. कुणी नाही.

रिंग खालून येऊ लागली. तो आत्ताच जिथून आला, तिथून.

दिवा विझला. देवदत्त हलला, हात हलवला, पाय आपटला. दिवा लागेना. रिंग थांबली. कानाला लावलेल्या फोनमध्ये कुणीतरी फोन उचलला होता.

"हारून…भाई?"

कानाशी तोच ओढलेला श्वास.

"तुम्ही कुठं आहात?"

"एअरपोर्टला कोण येतंय तुझं?" अगदी हळू. आणि आवाज फोनमधून येतोय की पाठीमागून, ते देवदत्तला सांगता येईना.

"बायको. आणि मुलगी."

"केवढी आहे मुलगी?"

"चार वर्षांची."



"माझी पण तेवढीच."

देवदत्तनं कठडा घट्ट धरला. कठडा बर्फासारखा गार होता.

"दोघीच येतायत?"

"हो."

"मग तू इथं काय करतोस?" आवाज रडवेला झाला होता, चिडलेलाही. "जा. निघ. त्यांना बसवून ठेवू नकोस. बसून राहतात रे त्या… सकाळपर्यंत बसून राहतात…"

फोन बंद. दिवा लागला.

खाली जिन्याच्या तोंडाशी इमारतीचा हारिस उभा होता. हारिस म्हणजे इथला वॉचमन. हा बांगलादेशचा बदरुद्दीन. झोपेतून उठून आलेला.

"किस को ढूंढता है, भाई?"

"हारून भाई को. दाभोळ का. उस की गाड़ी मेरे पीछे खड़ी है."

बदरुद्दीन त्याच्याकडं बघतच राहिला. मग दोन पावलं मागं सरकला.

"वो तो मर गया, भाई. बहुत साल हो गया. इधर ही, सीढ़ी पे."

दुसऱ्या मजल्यावर राहायचा हारून, बदरुद्दीन सांगू लागला. त्याचीही बायको आणि पोर पहिल्यांदा येणार होती. रात्री त्यांना आणायला निघाला, छातीत कळ आली, जिन्यातच बसला. सुट्टीची रात्र, इमारतीत कुणी नाही. एअरपोर्टवर त्या दोघी सकाळपर्यंत बाकावर बसून होत्या, येणाऱ्या प्रत्येक माणसाकडं बघत. शेवटी त्याच्या शवपेटीसोबतच दाभोळला परत गेल्या. घर, सामान, सगळं राहिलं. गाडीही राहिली.

"गाड़ी किधर है?" देवदत्तनं विचारलं.

बदरुद्दीननं प्लॉटच्या टोकाला बोट दाखवलं. देवदत्त धावत बाहेर आला. त्याच्या गाडीमागं काही नव्हतं. वाळूवर टायरचा एक वळसुद्धा नव्हता. आणि त्या टोकाला, भिंतीला लागून, एक पांढरी गाडी. चारही टायर बसलेले. चाकं वाळूत रुतलेली. दारावर बलदियाचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, गाडी हलवा म्हणून लावलेलं स्टिकर, तेही उन्हानं पापुद्रे सुटलेलं. काचेच्या आत कागद होता. उन्हानं पांढराफटक झालेला. त्यावर काही नव्हतं. एक अक्षरही नाही.

त्यानंतर देवदत्त कसा निघाला ते त्याला आठवत नाही. धुक्यात पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालला होता, एवढंच. आरशात बघायची हिंमत नव्हती. विमान कधीच उतरलेलं. ओठ नुसते पुटपुटत होते, थांब गं, थांब, फिरू नको.

एअरपोर्टला पोचताच गाडी लॉक केली, तसाच पळाला. गर्दी ओसरली होती. बाकावर प्रणिता बसलेली, बॅगा पायाशी, नमू तिच्या मांडीवर. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडं ती बघत होती. देवदत्त दिसला आणि तिचा चेहरा… जाऊ दे. त्यानं तिचा हात धरला, तेव्हा तिनं सोडवून घेतला नाही, एवढं पुष्कळ होतं.

नमूनं मात्र त्याला निरखून पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही फोनमधून बाहेर कसे आलात?" देवदत्तला रडू फुटलं. भर एअरपोर्टवर, बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून तो पोरासारखा रडला. प्रणिताला वाटलं, आपल्या विरहानं. तिनं पाठीवर हात फिरवला. तिचा राग तिथं गेला.

बॅगा ढकलत तिघं गाडीशी आली. चालता चालता देवदत्तला आठवलं, आणि त्यानं कपाळावर हात मारून प्रणिताला सांगितलं. सगळं घेतलं, तांदूळ, दूध, नमूची चप्पल, तिच्या मापाची उशी. गाडीत लहान मुलाला बसवायची सीट घ्यायचीच राहिली. नवे नियम कडक झालेत, पोराला मागं नीट बांधून बसवावं लागतं. आता पोलिसानं अडवलं तर पहिल्याच रात्री बायकोसमोर शोभा.

"मांडीवर घेऊन बसते मी," प्रणिता म्हणाली.

त्यानं गाडीचं लॉक उघडलं. प्रणितानं मागचं दार उघडलं आणि वळून त्याच्याकडं बघितलं. बऱ्याच दिवसांनी ती हसली होती.

"काहीतरीच तुमचं. आणलीय तर खरी. आणि प्लास्टिकसुद्धा काढलं नाहीत अजून?"

मागच्या सीटवर, गाडीच्या पट्ट्यानं घट्ट आवळून बसवलेली, लहान मुलाची सीट होती. कोरी. वरचं प्लास्टिक जुनं होऊन पिवळं पडलेलं, कडांना वाळू साचलेली. देवदत्त दाराशी उभाच राहिला. प्रणितानं प्लास्टिक फाडलं, झोपाळलेल्या नमूला उचलून आत बसवलं आणि पट्टे लावले.

पट्टे कुठंच सैल-घट्ट करावे लागले नाहीत. चार वर्षांच्या पोरीच्या मापाला ते कुणीतरी आधीच बरोबर करून ठेवले होते.