मागच्या खोलीतला चरखा

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या आत्याच्या, केझियाआत्याच्या घरी घडलं. साल १७६९, नोव्हेंबर अखेर. बॉस्टनच्या उत्तरेला, साल्टर्स कोव्ह बंदरात.

आणि रात्री नाही... दिवसाढवळ्या.

आत्याचा नवरा अँब्रोझ विलायतेच्या राजाच्या जकात नाक्यावर कामाला होता. त्या नोकरीपायीच दोघं या गावात आलेली. तेव्हा विलायतेहून येणाऱ्या कागदावर, काचेवर, चहावर नवे कर बसले होते आणि गाव पेटलं होतं. एक दिवस लोकांनी त्याला धरलं, अंगाला डांबर फासलं, वर पिसं चिकटवली आणि गाडीत घालून गावभर मिरवलं. तो जो उत्तरेकडे हॅलिफॅक्सला जाणाऱ्या जहाजात चढला, तो परत आला नाही.

आत्या गेली नाही.

"माझं लेकरू इथल्या मातीत आहे," एवढंच ती म्हणाली.

मग गावाने तिच्याशी बोलणं टाकलं.

शिवी नाही, दगड नाही. नुसतं... काहीच नाही. पाववाली तिला बघून खिडकी लावून घ्यायची. प्रार्थनेला तिच्या बाकावर कुणी बसत नसे. पलीकडच्या गावात राहणाऱ्या माझ्या वडिलांनीसुद्धा बहिणीच्या घराची वाट सोडली. ती कोंबड्यांशी बोलायची. बोलायची सवय मोडू नये म्हणून.

गावाने विलायती कापडही टाकलं होतं. बायका पाद्रीबाईंच्या घरी जमून लोकर कातायच्या. आत्याला वाटलं, आपणही कातावं. त्या करांवर आपलं तरी कुठे प्रेम आहे? तिने चरखा उचलला आणि गेली.

दार हुल्डाने उघडलं. हुल्डा तिची शेजारीण, एके काळची जिवलग. तिने मान खाली घातली.

आतून कुणीतरी ओरडलं, "कोण गं? जकातवालीण का? तिला म्हणावं, राजेसाहेबांना थंडी वाजतेय, त्यांना मोजे विण जा!"

सगळ्या हसल्या. दार लागलं.

घरी येऊन आत्याने चरखा आणि पेळूंची टोपली मागच्या रिकाम्या खोलीत टाकली. चुलीपुढे बसली. रडूही येईना. बाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं.

आणि मागून आवाज आला...

घर्र... घर्र... घर्र...

चरख्याचा.

तिने दार ढकललं. चाक थांबलेलं. खोलीत कुणी नाही. पण टोपली रिकामी होती... आणि चाती सुताने भरलेली.

तिने हात लावला. सूत बर्फासारखं गार होतं.

दुसरं कुणी असतं तर पळून गेलं असतं. पुढे आत्या मला म्हणाली, "पळायचं कुणाकडे, सांग ना?"

दुसऱ्या दिवशी तिने लोकर पिंजून टोपली भरून ठेवली. दार लोटून पुढच्या खोलीत बसली.

घर्र... घर्र...

मग आत्या बोलायला लागली. कोंबड्या अंडी देत नाहीत. छप्पर गळतंय. लेकराला शेवटी ताप कसा चढला होता. ती बोलू लागली की चाक हळू व्हायचं... कुणी कान देऊन ऐकत असल्यासारखं.

एकदा तिला राहवलं नाही.

"कोण आहेस गं तू?"

चाक थांबलं.

त्या दिवशी पुन्हा आवाज नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घर तिला खायला उठलं. शेवटी दाराला कपाळ टेकून ती म्हणाली, "नाही विचारणार परत. ये ना."

घर्र...

पहिला बर्फ पडला त्या दुपारी हुल्डा आली. शालीखाली पाव लपवून.

"कुणाला सांगू नकोस हं. नवरा घराबाहेर काढेल मला."

"सांगू कुणाला? बोलतंय कोण माझ्याशी?"

हुल्डा ओशाळली. मग तिने कान टवकारले. "आत कोण कातंय गं?"

"येते एक जण."

"गावातली?"

आत्याने सुताची गुंडी पुढे केली. "बघ तरी, किती छान कातते."

हुल्डाने धागा बोटांत फिरवला. तिचा चेहरा उतरला.

"हा पीळ उलटा आहे, केझिया. चाक उलटं फिरवून कातणारी गावात एकच होती. झिल्फा. तुम्ही यायच्या आधी याच घरात राहायची."

"मग आता कुठे असते?"

"मागच्या कराच्या वेळी तिच्या नवऱ्याने राजाचा मुद्रांकाचा कागद विकायला घेतला. लोक खवळले, तो पळाला. आम्ही तिच्याशी बोलणं टाकलं. थंडीत तिच्या धुराड्यातून धूर यायचा थांबला. माझ्या खिडकीतून दिसत होतं मला. मी म्हटलं... जाईल कुणीतरी."

कुणीच गेलं नव्हतं. बर्फ वितळल्यावर दार फोडलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

मागच्या खोलीतलं चाक थांबलं.

आणि आतून, खूप दिवसांत न बोललेल्या बाईच्या बसक्या आवाजात कुणीतरी विचारलं...

"हुल्डा आली का गं?"

हुल्डा झटकन उठली. बाहेरच्या दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला.

तशीच उभी राहिली...

मग वळली. डोळे पुसले. आणि मागच्या खोलीत गेली. दार आतून लागलं.

आत्या बाहेर बसून राहिली. आतून कुजबुज येत होती. मध्येच रडणं. आणि एकदा, हे आत्या शपथेवर सांगायची... दोघींचं हसणं.

अंधारून आलं तेव्हा हुल्डा बाहेर आली. ओठ निळे पडले होते.

"उद्यापासून तू माझ्या शेजारी बसून कातायचं," ती म्हणाली. "कोण काय बोलतं ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी तिने आत्याला हाताला धरून पाद्रीबाईंकडे नेलं. एकीने तोंड उघडलं. हुल्डाने तिच्याकडे बघितलं. तोंड मिटलं. हळूहळू गाव बोलायला लागलं. माझे वडीलही आले.

पण मागच्या खोलीत पुन्हा कधी आवाज झाला नाही.

भर गप्पांत आत्या मध्येच मान वळवून ऐकायची. मला म्हणाली, "गाव परत मिळालं रे. पण माझं ऐकून घेणारी गेली."

पुढे लढाई झाली, राजाचं राज्य गेलं. आत्याही गेली. मग एकदा मी हुल्डाकाकूंना भेटायला गेलो. त्या एकट्याच राहायच्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण डोकं शाबूत होतं. मी सरळ विचारलं, "काकू, त्या दुपारी आत काय झालं?"

त्यांनी हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं.

त्यांनी माझ्याकडे नाही... माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"तिच्यासमोर कसं सांगू, बाळा?"

घरात आम्ही दोघंच होतो.

मी उठलो. त्या खुर्चीकडे पाठ करायची हिंमत झाली नाही. उलट्या पावलांनी दारापर्यंत आलो.

मी उंबऱ्याबाहेर पडताच माझ्यासमोर दार लागलं. ते काकूंनी लावलं नव्हतं. त्या जागच्या हलल्याही नव्हत्या...