कोऱ्या पानांचा मारा

"ताई, फाईल पुन्हा मेली." फोनवर दिपालीचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "आणि मला मेसेज आलाय. तुम्ही येता का? आत्ताच?"

महेश्वरी येमूलने हातातलं काम बाजूला सारलं. बिघडलेल्या कॉम्प्युटरमधून हरवलेला डेटा काढून देणं हा तिचा व्यवसाय. कन्ना चौकाजवळ दुकान होतं. पोलीससुद्धा अधूनमधून तिला बोलवायचे.

"काय लिहिलंय मेसेजमध्ये?"

"‘फाईल बंद ठेव. पोरगी शाळेतून एकटीच येते ना?’"

महेश्वरी तडक निघाली.

दिपाली अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात ऑफिस सांभाळायची. महिन्याभरापूर्वी तिथला बॉयलर फुटला होता. बॉयलर चालवणारा सिद्धाप्पा त्यात भाजून गेला. पंचनाम्यात बॉयलरपाशी काही गैर सापडलं नाही, आणि ‘ड्युटीवर झोप लागली’ असं सगळीकडे पसरलं. पण त्याची बायको नीलव्वा दिपालीकडे येऊन सांगून गेली होती, "त्यांनी ऑफिसला मेल टाकला होता बाई. बॉयलर बिघडलाय म्हणून."

त्या दिवसांत दिपाली बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होती. सिद्धाप्पाचा फोन त्याच्याबरोबरच जळाला. आता तो मेल एकाच जागी असणार होता, दिपालीच्या कॉम्प्युटरवरच्या मेलच्या फाईलमध्ये. ऑफिसचे नवेजुने सगळे मेल तिथेच उतरून साठायचे. आणि ती फाईल उघडली की सगळंच बंद पडत होतं. सरकारी चौकशी उद्यावर आली होती.

वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात शिरताच खालच्या मागांचा खडखडाट कानावर आदळला. इथे कुणी ओरडलं तरी बाहेर कळणार नाही, असं महेश्वरीच्या मनात येऊन गेलं.

दिपालीने पर्स खांद्याला अडकवूनच ठेवली होती. "मी घरी जाऊ का ताई? सोडून देऊ का हे?"

"मेसेज कुठल्या नंबरवरून आला?"

"अनोळखी. लावला तर बंद."

"तुम्ही मेल शोधताय हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मालकांना. कॉम्प्युटर बघायला येतो त्या ऋतुराजला. आणि अभिमन्यूदादांना. मशिनरी त्यांच्याकडे असते."

"काय सांगितलंत?"

"एवढंच की सिद्धाप्पाचा मेल शोधायचाय."

"फाईलचा पासवर्ड?"

"मला आणि ऋतुराजला. मालकांनी मागितला तर त्यांनाही देईनच की."

ऋतुराज दारातच उभा होता. विशीतला, चेहरा पडलेला. "मॅडम, सगळे माझ्याकडंच बघायलेत. मी दोनदा फाईल दुरुस्त केली. वर्षांपूर्वीचे मेल काढून हलकी केली. मेल शोधायच्या आत पुन्हा फुगती. फुगली की उघडतानाच बंद पडती."

"कशाने फुगते?"

"स्कॅनरवरनं मेल येतेत. नुसती कोरी पानं. मोठमोठाले फोटो, शेकड्यांनी. मला वाटलं मशीनच बिघडलंय."

स्कॅनर पॅसेजमध्ये होता. कुणीही कागद ठेवावा, बटण दाबावं, तो थेट ऑफिसच्या मेलवर जायचा. महेश्वरीने एक पान घालून पाहिलं. एकच मेल गेला. मशीन ठणठणीत होतं.

म्हणजे कुणीतरी इथे उभं राहून पांढरे कागद पाठवत होतं. पुन्हा पुन्हा. दिपालीच्या पाठीमागे.

तेवढ्यात अभिमन्यू चहा घेऊन आला. माळशिरसकडचा, रुंद खांद्यांचा माणूस. उजव्या हाताला पट्टी होती. स्फोट झाला तेव्हा सिद्धाप्पाला काढायला वाफेत सगळ्यांत आधी हाच घुसला होता. तेव्हापासून कारखान्यात त्याचा शब्द खाली पडत नव्हता.

"दिपालीताई, घाबरू नगा. मी हाय की. गाडीपर्यंत रोज सोडतो न्हवं का?" मग महेश्वरीकडे वळून तो म्हणाला, "लई मोठी फाईल हाय मॅडम. त्यात एक व्हिडिओ हुडकायचा म्हंजे कडब्याच्या गंजीत सुई. कशाला डोक्याला ताप?"

"बघते जमलं तर," महेश्वरी म्हणाली. चहा तिने तसाच ठेवला.

तो गेल्यावर तिने दिपालीच्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. मूळ फाईलला हात न लावता तिची नक्कल काढायची, नक्कल तोडून वर्षावर्षाचे छोटे तुकडे करायचे, आणि लागेल तेवढाच तुकडा उघडायचा. ऋतुराजला तिने हळूच सांगितलं, "खाली जा आणि फौजदार बाळासोंना फोन लाव. मी बोलावलंय म्हण."

नक्कल अर्ध्यावर आली आणि दिवे गेले.

पंखे थांबले. खोली अंधारली. पण खालून मागांचा आवाज तसाच येत होता.

"लाईट फक्त आपलीच गेलीय," दिपाली म्हणाली आणि तिने महेश्वरीचं मनगट घट्ट धरलं.

लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. महेश्वरीने तो टेबलाखाली सरकवला. पॅसेजमध्ये पावलं वाजली, दारापाशी थांबली. दाराची मूठ हळूच फिरली. ऋतुराज गेल्यावर महेश्वरीने आतून बोल्ट लावला होता. बाहेरच्याने खांदा लावला. एकदा. पुन्हा. बोल्टचे स्क्रू लाकडातून सुटू लागले. दिपालीने तोंडावर हात दाबून धरला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मग खाली जीप थांबल्याचा आवाज आला. पावलं लगबगीने दूर गेली.

थोड्या वेळाने दिवे आले. फौजदार बाळासो वर आले, मागोमाग मालक आणि ऋतुराज, आणि शेवटी अभिमन्यू. "फ्यूज गेला हुता. बोर्डाची चावी माझ्याकडंच असती, बसवला," तो म्हणाला.

मालक चिडले होते. "ऋतुराज, खरं बोल. फाईल तूच बिघडवलीस ना?"

"ऋतुराजने नाही," महेश्वरी म्हणाली. "ज्याच्या हातात किल्ली आहे तो भिंत फोडत नाही. ऋतुराजकडे पासवर्ड होता. तो मेल त्याला एका मिनिटात पुसता आला असता. तुम्हालाही मालक, पासवर्ड मागून. ज्याला फाईल उघडताच येत नव्हती, त्यानेच ती बाहेरून कोरी पानं कोंबून फोडली."

"पण कोण?"

"ज्याच्याकडे या मजल्याच्या स्विचबोर्डची चावी आहे. आणि ज्याला मेलमध्ये काय आहे ते आधीच माहीत होतं. अभिमन्यूदादा, दिपालीने तुम्हाला सांगितलं होतं, मेल. तुम्ही मला म्हणालात, व्हिडिओ. तो व्हिडिओ तुम्ही कधी बघितलात?"

अभिमन्यू हसला. "तोंडातनं गेला असंल."

महेश्वरीने लॅपटॉप फिरवला. नक्कल पूर्ण झाली होती. त्या महिन्याचा तुकडा सहज उघडला.

पडद्यावर बॉयलर दिसला. आवाज सिद्धाप्पाचा होता. "साहेब, ह्यो सेफ्टी वाल्व, जादा वाफ भाईर सोडनारा. वाफ गळती म्हणून तारेनं आवळून बांधलाय. अभिमन्यूसाहेबांना दाखवला. ऑर्डर जाऊ दे, मग बदलू म्हनत्यात. हे लई धोक्याचं हाय साहेब."

मालकांनी वळून अभिमन्यूकडे पाहिलं.

"स्फोटानंतर तिथे तार सापडली नाही," महेश्वरी म्हणाली. "सगळ्यांत आधी आत कोण धावलं होतं?"

बाळासोंनी अभिमन्यूच्या पट्टीकडे पाहिलं. "माणूस काढायला गेला होतास, का तार?"

अभिमन्यूचं हसू मावळलं. तो मटकन खुर्चीत बसला. "बॉयलर बंद ठेवला असता तर ऑर्डर चुकली असती. मालकांनी मलाच जाब इचारला असता. वाटलं, आठवडाभर निघंल. सिद्धाप्पा व्हिडिओ काढून पाठवतोय ते मी बघितलं हुतं."

"आणि माझी पोरगी?" दिपालीचा आवाज फाटला. "मला धमकी देऊन मलाच गाडीपर्यंत सोडत होतात?"

बाळासोंनी अभिमन्यूला दंडाला धरून उठवलं. झडतीत त्याच्या कपाटात दुसरा फोन मिळाला. दिपालीला आलेला मेसेज त्यात होता.

दुसऱ्या दिवशी चौकशीत व्हिडिओ लागला तेव्हा नीलव्वा मागच्या बाकावर होती. नवऱ्याचा आवाज आला तशी ती उठून उभी राहिली आणि संपेपर्यंत तशीच उभी होती. नंतर अधिकारी तिला भरपाईचं समजावू लागले. तिने ऐकून घेतलं, पण बोलली ती दिपालीशी.

"बाई, तुमी आमच्या गावाला या. झोपला म्हणत्यात समदे. माझी पोरं शाळंत जाईनात. ते जागे होते, एवढं पारावर येऊन सांगा."

"येते," दिपाली म्हणाली. "आज संध्याकाळीच येते."