प्याद्यांचं कुंपण

“थांब गं, कळी ओढून फूल होत नाही!” मोगरा खुडताना मनोरमा लहानग्या लेकीला, रिद्धीला दटावायची. बायकोचा तो आवाज नरहरींच्या कानात अजून होता. बुद्धिबळातही मनोरमा तशीच. थांबून थांबून हरवायची. तिला जाऊन वर्ष झालं.

आता त्यांची गाठ यंत्राशी होती. पैज ठरलेली: रिद्धीने लिहिलेल्या प्रोग्रामने हरवलं, तरच नरहरी हृदयाचं ऑपरेशन करून घेणार. डॉक्टरांनी महिना दिला होता. त्यातले तीन आठवडे ते जिंकतच होते.

युक्ती साधी. प्याद्यांना प्यादी भिडवून पटभर कुंपण घालायचं नि राजा मागेपुढे करत बसायचं. यंत्राला बरोबरी सोसत नसे. कुंपण फोडायला ते घोडा फुकट घालवायचं.

“तुझ्या लेकराला दम नाही, रिद्धू.”

“आज आहे. बरोबरीला भिऊ नकोस, वाट बघ, असं शिकवलंय त्याला. हसा आता!”

दुपारी वाडीत, बावखलाच्या तळ्याकाठी, केळीच्या सावलीत लाकडी पट मांडला. लॅपटॉप रिद्धीच्या मांडीवर. पडद्यावर येईल ती खेळी तिने पटावर करायची.

कुंपण झालं. समोरचा हत्ती कोपऱ्यात गेला. परत आला. पुन्हा गेला.

“शिकलं की गं!”

रिद्धी पडद्याकडे बघत राहिली.

वारा पडला. केळीचं पान हलेना. रिद्धीचा हात कडेच्या प्याद्यावर थांबला. अंगठ्याने त्याचं डोकं दोनदा चोळलं.

नरहरींचं हसू विरलं. ती सवय मनोरमाची.

प्यादं एक घर सरकलं.

कुंपण कडेने उसवलं. सात खेळ्यांत मात.

“हरलो,” ते म्हणाले. डोळे भरले होते, पण मन हलकं झालं होतं. “उद्या किती वाजता निघायचं?”

ऑपरेशन नीट पार पडलं. पंधरा दिवसांनी घरी पेज भरवताना रिद्धीचा चमचा मध्येच थांबला.

“काय गं?”

“रागावणार नाही ना, बाबा? कुंपण झालं तेव्हाच लॅपटॉप बंद पडला होता. मी सांगणारच होते.” तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. “हात मागे घेत होते मी. तो येतच नव्हता.”