गॅलरीतल्या तीन कुंड्या

रक्षाची लुना बंद पडली ती पवनारच्या रस्त्यावर, नेमकी एका नर्सरीच्या फाटकासमोर. दोन हजार चारचा नोव्हेंबर, दुपारची वेळ. हँडलला प्लास्टिकच्या फुलांची वेल गुंडाळलेली होती. आत कुंड्या भरत बसलेला एक तरुण मातीचे हात पँटला पुसत बाहेर आला. त्याने आधी वेलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"गाडी सुरू करून देतो मॅडम. पन हे प्लास्टिक काऊन घेतलं?"

"आईसाठी," ती तुटकपणे म्हणाली. "ती पडून असते. खाटेवरून तिला गॅलरीचा वरचा भागच दिसतो. तिथे कुंडीतलं झाड कसं दिसणार?"

"वरून खाली येनारं लावा ना मंग."

तो तिला मागे घेऊन गेला. हिरव्या जाळीखाली टांगलेल्या कुंड्यांमधून जांभळी फुलं ओसंडत होती... रुपयाच्या नाण्याएवढी, मधोमध पिवळी, इतकी दाट की खालची पानं दिसत नव्हती.

"कॅलिब्राकोआ," तो जपून, एकेक अक्षर पायाखाली तपासल्यासारखा म्हणाला. "पुण्याहून रोपं आनली. इकडे कोनी घेत नाई. आपल्याकडचा उन्हाळा सोसत नाई तिले. मार्च, लय झालं तर एप्रिल... बस."

"मरणारच, तर घेऊ कशाला?"

"काकू चार महिने पाहतीन ना."

 रक्षाने तीन कुंड्या घेतल्या.

रविवारी तो त्या टांगायला आला. नाव कैलास, पवनारच्या नत्थूजींचा मुलगा. घरची शेती धाकट्या भावाकडे, हा रोपांच्या मागे लागलेला. वर्ध्याच्या बाजारात रक्षाच्या वडिलांचं, सदाशिवरावांचं, भांड्यांचं दुकान होतं आणि त्याच्या वरच राहतं घर. दीड वर्षापूर्वी लकव्याने आईची, प्रमिलाबाईंची, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही नेली होती. समजायचं सगळं, बोलता काही यायचं नाही. रक्षाने शाळेतली नोकरी टिकवायला एक बाई ठेवून पाहिली. तीन आठवड्यांत आईच्या पाठीला जखमा झाल्या, हाडापर्यंत. नोकरी सुटली. तेव्हापासून दर दोन तासांनी आईची कूस बदलायची, हेच तिचं घड्याळ.

कैलासने कुंडी टांगली, खाटेशी येऊन गुडघ्यावर बसला, प्रमिलाबाईंच्या डोक्याजवळ डोकं नेऊन वर पाहिलं आणि उठून कुंडी वीतभर पुढे सरकवली. "आता दिसते," तो म्हणाला. आईला नेमकं काय दिसतं हे असं वाकून आजवर कुणी पाहिलं नव्हतं. रक्षा दारातच उभी राहिली.

पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या.

"पानी जड हाय तुमच्या बोरचं," कैलास पान उलटंपालटं करत म्हणाला. "हिले पावसाचं पानी लागते."

"थंडीत पाऊस कुठून आणू, कैलासभाऊ?"

"नर्सरीच्या टाक्यात साठवलं हाय. आनतो मी."

मग दर चौथ्या दिवशी तो सायकलला डबा बांधून येऊ लागला. बोटाने माती चाचपायची, कोरडी असेल तरच पाणी, तेही खालच्या भोकातून ठिबकेपर्यंत. वाळलेली फुलं खुडायची गरज नव्हती, ती आपोआप गळायची. तरी त्याला निघायला उशीर व्हायचा. रक्षा चहा ठेवायची... कपबशी देताना बोटं लागायची, आणि मग दोघंही कुंड्यांकडेच फार लक्ष देऊन पाहायची.

"एक सांगू?" जानेवारीतल्या एका सकाळी तो म्हणाला. "तुमी भाऊ म्हनाचं बंद केलं."

"कधी?"

"संक्रांतीपासून."

"तुमचं रोपांकडे लक्ष असतं की—"

"रोपाइकडेच हाय," तो म्हणाला, पण पाहत होता तिच्याकडे. ती हसली. खाटेवर प्रमिलाबाईंचा डावा ओठही किंचित हलला.

वेली दोन हात लांब झाल्या. फेब्रुवारीत कैलासला पुण्याच्या एका मोठ्या नर्सरीतून बोलावणं आलं. राहायला खोलीही देणार होते. त्याने ते गॅलरीत, डबा हातातच धरून सांगितलं.

"तिथं हे फूल बारा महिने ठेवता येते म्हनतात. मी... तुमाले घेऊन जाव म्हनतो. लग्न करून. तुमच्या बाबूजीइले विचारू काय?"

रक्षाने कठडा धरला. किती दिवस याच वाक्याची वाट पाहत होती ती. आणि ते ऐकताच तिची नजर आत खाटेकडे गेली. "महिनाभर थांबता?" एवढंच ती म्हणाली.

सदाशिवरावांनी जातीचा विषयसुद्धा काढला नाही. "पोरगा चांगला आहे," ते म्हणाले आणि बराच वेळ एक पितळी गडवा पुसत राहिले. "आईचं कसं करायचं, तेवढं सांग." सुरतेहून रक्षाचा मोठा भाऊ, धर्मेंद्रदादा, फोनवर म्हणाला, आमच्या दोन खोल्यांत कुठं ठेवणार गं? दुसरी बाई पाहून झाली. चौथ्या दिवशी पाठीवर पुन्हा लाल चट्टा. पुण्याच्या त्या एका खोलीत खाट मावेल का, हेही तिने विचारलं.  ती खोली जेमतेम दोघांपुरती होती, मोठी कैलासला परवडणारी नव्हती. तिला कुणीही अडवत नव्हतं. भांडायलासुद्धा समोर कुणी नव्हतं.

मार्च संपता संपता ऊन गॅलरीत शिरलं. दुपारी ओलं फडकं बांधूनही वेली काळ्या पडत गेल्या. कैलास शेवटचा आला तेव्हा एकाच कुंडीत सात-आठ फुलं उरली होती. त्याने सवयीने त्यांना पाणी घातलं.

"संध्याकाळच्या गाडीनं निघतो," तो म्हणाला. "वर्षभर थांबू काय मी तुमच्यासाठी?"

"वर्षाने काय बदलेल?" रक्षाने विचारलं. वर्षाने बदलायला आईच जायला हवी होती. ते दोघांनाही कळलं, आणि कळल्याबरोबर दोघांनी माना खाली घातल्या.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. घोगरा, ओढत आणलेला.

"जाय."

रक्षा धावत आत गेली. प्रमिलाबाईंचे डोळे तिच्यावर रोखलेले होते, कपाळावर घाम फुटला होता. "जाय," त्या पुन्हा म्हणाल्या. या वेळी स्पष्ट.

रक्षाला कळलं. दारात उभ्या कैलासलाही कळलं. तो रक्षाकडे पाहत राहिला.

"पाणी पाहिजे का, आई?" रक्षा म्हणाली.

तिने पेला घेतला, चमचा आईच्या ओठांना लावला. प्रमिलाबाईंनी तोंड घट्ट मिटलं. पाणी हनुवटीवरून उशीवर ओघळलं. रक्षाने दुसरा चमचा भरला, तिसरा भरला. मागे कैलासची पावलं जिना उतरत होती, फार हळू, कुणी हाक मारेल म्हणून उतरावीत तशी. तिने मान वळवली नाही.

प्रमिलाबाई आणखी सहा वर्षं जगल्या. त्यानंतर त्यांच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. डॉक्टर दर खेपेला विचारायचे, कधी काही बोलल्या का? एखादा शब्द तरी?

"नाही," रक्षा म्हणायची.