चालून दाखव

पुढे चाललेल्या माणसाची चाल बघून मला हसू फुटलं, आणि ते दाबायला उशीर झाला.

भाद्रपदातली सकाळ होती. रात्रभर पाऊस पडून गेला होता. अहमदपूरच्या कॉलेजच्या मैदानावर गवत ओलं होतं आणि हवा इतकी दमट, की उभ्या उभ्या घाम फुटावा. तो माणूस दोन्ही पाय एकमेकांपासून लांब लांब टाकत, मधे घागर धरल्यासारखा चालला होता. अंगाने भरलेला, मांड्या दणकट. माझं हसू ऐकून तो थांबला, वळला आणि माझ्या तोंडाकडे न बघता सरळ माझ्या पायांकडे बघायला लागला.

"हसा, हसा," तो म्हणाला. "तुमची पण तीच चाल हाय."

खोटं कुठे होतं? मीही फेंगडीच चालत होते. मांडीला मांडी घासून आतली कातडी सोलवटली होती, त्यावर घाम झोंबत होता, आणि अजून घरापर्यंत जायचं होतं. दुसरी कोणी असती तर लाजून ओढणी सावरत पळाली असती. मला लाज येण्याआधी राग येतो. त्या रागात माझ्या तोंडून भलतंच गेलं.

"पावडर लावता की खोबरेल?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पावडर... पण घामानं तिचे गोळे होतात."

होतात, हे मला चांगलंच माहीत होतं. मग आम्ही दोघंही हसलो, आणि मैदानाला वळसा घालून एकाच बाजूने, तसेच फाकत फाकत, फाटकापर्यंत आलो.

त्याचं नाव शिवकुमार. गाव लोहा, आमच्याकडे कृषी सहायक म्हणून बदलून आलेला. दिवसभर सोयाबीनच्या शेतांतून हिंडायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत मांड्यांची वाट लागणार. मी रुद्राणी. एसटी स्टँडच्या मागे माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे आणि शिलाई मशीनवर बसून बसून माझे पाय आहेत तसे झालेत. अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं म्हणणं असं, की ते माझ्या आत्यासारखे आहेत, त्यात मशीनचा काही दोष नाही.

मी मैदानावर यायला लागले होते ते लातूरच्या स्थळामुळे. मुलाच्या आत्याने माझा फोटो बघून निरोप पाठवला होता, की मुलगी छान आहे पण खालून जड वाटते, आम्ही दिवाळीच्या आधी बघायला येतो, तोवर पाय जरा बारीक करा. हे अव्वाने मला जेवताना सांगितलं आणि दुसरी भाकरी वाढलीच नाही. मी मागितलीही नाही. त्या रात्री भूक होती, पण हट्टाने मी ताटावरून उठले.

मांड्यांचा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला. दुकानात मऊ सुती होजियरीचं कापड होतं, त्याची गुडघ्यापर्यंतची चड्डी बेतली आणि शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला घेतली, आत टोचायला काही नको म्हणून. सलवारच्या आत ती घालून मैदानाला फेरे मारले आणि घरी सरळ पायांनी परत आले. इतका आनंद झाला होता, की दुसऱ्या दिवशी शिवकुमारला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तो बराच वेळ बुटाच्या लेसशी खेळत राहिला. "ते... माणसांसाठी पण शिवता का?"

"पाटीवर लेडीज लिहिलंय."

"पाटी बघितली मी. म्हणूनच तर विचारून राहिलो."

माप कसं घेणार, हा प्रश्न दोघांनाही एकदमच पडला आणि दोघांनीही वेगवेगळ्या दिशांना बघितलं. शेवटी तो आपली जुनी पॅन्ट पिशवीत घालून दुकानात ठेवून गेला. मी तिच्यावरून शिवलं. पहिली भेट म्हणून कुणी कुणाला चड्डी दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण त्याने ती पेपरात गुंडाळलेली पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि पुढच्या सकाळी मैदानावर छाती काढून, सरळ चालत आला. मला त्याच्याकडे बघवेना, इतकी ती चाल मला आवडली.

बदल्यात त्याने मला बैठका शिकवल्या. कापडानं घासणं थांबतं, म्हणाला, पण पायात जोर यायचा असेल तर बैठका पाहिजेत. तो समोर उभा राहायचा, हातभर नाही, चांगला चार हात लांब. आम्ही एकदम खाली बसायचो, एकदम वर उठायचो. बैठक मारताना समोरच्याची नजर आपल्याबरोबर खाली जाते आणि आपल्याबरोबरच वर येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटतं, मी तिथेच अडकले.

हळूहळू जिना चढताना लागणारा दम थांबला. दुकानाचं शटर एका दणक्यात वर जायला लागलं. मांड्या घट्ट झाल्या, पण बारीक काही झाल्या नाहीत, आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटेना.

मग लातूरकरांचा रविवार ठरला. मी शिवकुमारला सांगितलं... आणि तो काय म्हणतो म्हणून वाट बघत उभी राहिले.

"चांगलं ठिकाण हाय म्हणतात," एवढं बोलून त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

मला असा संताप आला, की त्या शनिवारी मी एकटीने, न थांबता, पाय थरथरेपर्यंत बैठका मारल्या.

रविवारी पलंगावरून उठता येईना. त्यात अव्वाने माझी सुती चड्डी काढायला लावली. काठपदर साडीतून तिच्यामुळे आणखी जाड दिसतेस, म्हणाली. नवाकोरा कडक परकर नेसून मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंतच आतली कातडी पुन्हा सोलवटली. नमस्काराला वाकायला गेले, तर गुडघे वाकेनात. मी उभ्यानेच हात जोडले. मुलाच्या आत्याने आपल्या बहिणीकडे बघितलं.

"बाळ, जरा चालून दाखव," आत्या म्हणाल्या.

आमच्यात अजून हे चालतं. मुलगी लंगडत तर नाही ना, हे बघायचं असतं. मी देवघरापर्यंत गेले आणि परत आले. आत्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"पायात काही दोष हाय का?"

काल पाय मुरगळला, असं अव्वा घाईघाईने सांगायला लागली. तिचा चेहरा बघून मी कळवळले, पण त्या खोटेपणात मला आयुष्य काढायचं नव्हतं.

"मुरगळला न्हाई," मी म्हणाले. "माझ्या मांड्या घासतात. जाड हायेत म्हणून घासतात. आणि काल बैठका लई मारल्या, म्हणून वाकता येईना."

मुलगा अमरनाथ इतका वेळ मोबाइलमध्ये होता. त्याने पहिल्यांदा मान वर केली. "पण कमी होतील ना लग्नापर्यंत?"

"तुमच्यासाठी न्हाई होणार."

ते गेल्यावर अव्वा खूप रडली. गावभर होणार, आता कोण येणार, असं म्हणत राहिली. मी साडी सोडून माझी सुती चड्डी आणि सलवार घातली, बाहेर आले आणि सांगून टाकलं, की यापुढे या घरात कुणीही येऊ दे, पण आधी मुलाने चालून दाखवायचं. अप्पा पेपर वाचत होते. माझे वडील, बसलिंगप्पा दुकानदार, घरात फार बोलत नाहीत. त्यांनी पेपरची घडी घातली आणि "बराबर हाय" म्हणून ते बाहेर पडले.

सोमवारी शिवकुमारच्या कानावर सगळं गेलेलं होतं.

"असं खरंच बोललात?"

"हाव."

"मग आता बैठका सोडणार?"

"का सोडू? पाय माझे हायेत. मला जोर पाहिजे, मी मारणार." मग मी थेट विचारलं, "चांगलं ठिकाण हाय, असं का म्हणालात तुम्ही?"

तो गवताकडे बघत राहिला. झिमझिम पाऊस सुरू झाला होता, पण दोघांनीही आडोसा शोधला नाही. "मला वाटलं... मी मधे कोण? मला तर कुणी काही विचारलंच न्हाई."

"मी पण कुणी विचारायची वाट बघितली होती," एवढं बोलून मी निघाले. मागे वळले नाही. वळले असते तर रडले असते.

तो नंतर मैदानावर आलाच नाही. मी रोज जायची, एकटीने बैठका मारायची, आणि वर उठताना समोर कुणी नसायचं. एक तर लातूरचं स्थळ मोडलं होतं आणि ज्याने होकार द्यावा असं वाटलं तो पळाला होता. तरी मी मैदान सोडलं नाही.

एका संध्याकाळी दारात आमच्यातला नमस्कार, "शरणार्थ", ऐकू आला. शिवकुमार होता, सोबत त्याची आई तारामती आणि काका ग्यानोबा. आईला समजावायला तो लोह्याला जाऊन बसला होता, हे नंतर कळलं. चहा झाला. ग्यानोबाकाका सवयीने म्हणाले, "पोरीला जरा चालून—"

अप्पा खाकरले. "आमच्याकडं आधी पोरगं चालतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"चालून दाखवा," मी म्हणाले.

शिवकुमार उठला. देवघरापर्यंत गेला आणि वळून परत आला, दोन्ही पाय लांब लांब टाकत, पहिल्या दिवशी मैदानावर चालला होता अगदी तसा.

"अरं, नीट चाल की," तारामतीबाई घाबरल्या. "काय झालं पायाला?"

"नीटच चालून राहिलो, आई. मांड्या घासतात माझ्या, तिच्यासारख्याच." तो माझ्यासमोर येऊन थांबला. मोठ्या माणसांसमोर बोलताना त्याचे कान लाल झाले होते, पण तो थांबला नाही. "रुद्राणी, तुमचे पाय हायेत तसेच मला आवडतात. लई आवडतात. हे मैदानावरच बोलायला पाहिजे होतं... मी भ्यालो."

काकांना ठसका लागला. अव्वाने पदर तोंडाला लावला, आणि ती रडत नव्हती.

"पसंत हाय का?" अप्पांनी मला विचारलं.

"एकदा परत चालू द्या त्यांना."

तो हसला आणि वळला. या वेळी मीही उठले आणि त्याच्या बाजूने देवघरापर्यंत गेले, पाय न आवळता, मला जसं चालायचं तसं.

जेवायला सगळे थांबले. अव्वाने न विचारता माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली, आणि मी ती सगळ्यांदेखत पोटभर खाल्ली.