एका हाकेला ओ

ऑपरेशन नीट पार पडलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ऐकणाऱ्याचा जीव भलत्याच ठिकाणी टांगून राहायचा.

निरवांगीचा हिंदुराव सकाळपासून बारामतीच्या एका दवाखान्यात, बायकोच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होता. जयवंताची, म्हणजे त्याच्या बायकोची, गर्भपिशवी काढली होती. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, भूल उतरली की बोलेल तुमच्याशी. पण हिंदुरावाला बसवेना. उसाला पाणी सोडल्यावर पाटाचं बारं फुटतं की काय म्हणून माणूस बांधावर येरझाऱ्या घालतो, तसं त्याचं चाललं होतं. उठायचं, दाराचा पडदा बोटानं बाजूला करायचा, बघायचं, पुन्हा बसायचं.

चैत्राचं ऊन. कारखान्याचा हंगाम संपलेला, गाड्या थांबलेल्या. दुपारी बारामतीच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. अशात कन्हेरीचे व्याही आबाजी विहिणीला बघायला आले. विजयसिंहाला, म्हणजे हिंदुरावाच्या मुलाला, बरं झालं. तो सासऱ्याला म्हणाला, "मामा, तात्यांना जरा बाहेर न्या. मघापासनं ते मलाच आजारी पाडायला लागलेत."

"चला पाव्हणं," आबाजी म्हणाले. "थेटराला भुताचा पिच्चर लागलाय. आख्खी बारामती हासून लोळतीया."

"भुताचा, आन् हासतीया?"

"तेच तर हाय ना. चला, वाटंत सांगतो."

हिंदुरावाला पिक्चरची हौस नव्हती. पण बाकावर बसून तरी काय करणार. जयवंताला झोप लागली होती. तो निघाला.

थेटरासमोर चहाची टपरी होती. तिथं आधीच्या खेळाची माणसं उन्हात डोळे मिचकावत उभी होती आणि सगळी एकदम बोलत होती. हा पिक्चर लागला तेव्हा पहिले काही दिवस लोक चिडले होते म्हणे. भ्यायला आलो आणि न भिताच घरी धाडता काय, म्हणून खुर्च्या आपटल्या होत्या. मग हळूहळू गोडी लागली. त्यातली हडळ कुणालाच भेवडावत नव्हती. गावच तिला भीत नव्हतं. पाय उलटे, म्हणून चपला मिळेनात. ती दुकानदाराशी हुज्जत घालायची. मांत्रिकानं उतरून टाकलेलं लिंबू उचलून तिनं त्याचं सरबत केलं. आणि मांत्रिक कोंबडीला भिऊन नांदुरकीच्या झाडावर चढला.

"पर खरी गंमत पुढं हाय," आबाजींनी बशीत चहा ओतला. "तिला माणूस न्यायचा तर हाक मारावी लागती. एकच हाक. आन् गावातल्या पोरासोरालाबी म्हायती, एका हाकेला ओ द्यायची न्हाय. माणूस आसंल तर पुन्यांदा हाक मारंल. झालं. बिचारी वर्सानुवर्सं उपाशी. चावडीफुडं बसून रडती."

शेजारी एक बाई उभी होती. पदरानं घाम पुसत ती म्हणाली, "मला तर रडूच आलं बाई. म्हणलं, द्या की कुणीतरी ओ."

"मग दिली का कुणी?" हिंदुरावानं विचारलं.

"आमीच दिली," ती हसली. "आख्ख्या थेटरानं. ती म्होरं तोंड करून हाक मारती, 'सखू' म्हणून. की समदी वरडत्यात, ओ."

"सखू न्हाय," तिच्या मागचा एक दाढीवाला म्हणाला. "दगडू म्हणती."

"तुमी झोपला आसाल."

"मी झोपंन कसा? माज्या थोरल्या भावाचंच नाव ते."

बाईनं हसत हात उडवला. टपरीवाला गाळणी आपटत म्हणाला, रोज हेच भांडण ऐकतोय मी, एकाचंही नाव दुसऱ्याशी जुळत नाही. सगळे हसले. तेवढ्यात घंटा झाली.

आत काळा पडदा ओलांडला की ऊन एकदम तुटायचं. बाहेर भाजत होतं आणि आत विहिरीच्या तळासारखा गारवा. विडीचा शिळा वास, घामाचा वास, कुणीतरी फोडलेल्या शेंगांचा वास. पंखे कुरकुरत होते. हिंदुराव चाचपडत खुर्चीवर बसला. जयवंताचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ओठ सुकले होते तिचे. पाणी द्यायचं नाही म्हणाले होते.

पण पिक्चर सुरू झाला आणि खरं सांगायचं तर तोही हसला. सरबताच्या वेळी तर त्याला ठसका लागला. आबाजी मांडीवर थापा मारत होते. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. किती दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखं त्याला वाटलं. वाटलं, हिला घरी नेलं की हे सगळं सांगायचं. टाके सुकल्यावर. आधी सांगितलं तर हसून दुखेल तिला.

मग पडद्यावरची हडळ चावडीपुढं येऊन बसली. हसता हसता थेटर शांत होत गेलं. तिनं गुडघ्यात मान घातली होती. बराच वेळ नुसती पाठ हलताना दिसली. मग ती उठली, रस्त्याच्या मधोमध आली आणि सरळ लोकांकडं तोंड करून उभी राहिली. तिनं तोंडाशी हात नेला.

"जयवंताऽ"

आबाजींनी दिलेल्या शेंगा हिंदुरावाच्या हातातून खाली पडल्या.

"ओऽऽ" सगळं थेटर ओरडलं. बायका, बाप्ये, वर बाल्कनीतले लोक. शेजारी आबाजींनी तर मान मागं टाकून अशी ओ दिली की घशाची शीर फुगली. आणि हशा उसळला.

हिंदुरावानं ओ दिली नव्हती. द्यायची नाही असं ठरवलं होतं, असंही नाही. आतून आवाजच निघाला नाही. तो पडद्याकडं बघत राहिला. हडळीनं डोळे पुसले. तिची नजर रांगांवरून फिरत चालली, पेरणीनंतर कुठं तासाची ओळ चुकली का ते शेतकरी बघतो तशी. फिरत फिरत ती एका जागी थांबली. हिंदुरावाला वाटलं, आपल्यावर. अजून एकाची ओ यायची राहिलीय... असं काहीतरी त्या नजरेत होतं.

आणि दुसरं एक होतं. उभी बाई होती, पण आवाज बाप्याचा होता. ओळखीचा होता. ओळख पटायला वेळ लागला, कारण माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची सवय नसते.

"पाव्हणं," तो आबाजींच्या कानाशी लागला. "तिनं कुणाचं नाव घेतलं?"

"प्रयाग म्हणली की," आबाजी हसत होते. "आमचंच ध्यान. घरी गेल्यावर सांगतो तिला, पिच्चरात नाव आलंय तुजं."

"आवाज कुणाचा व्हता?"

"आवाज..." आबाजींचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. पडद्यावर पुढचं काहीतरी चालू झालं होतं, त्याचा उजेड त्यांच्या गालावर हलत होता. "आवाज माजाच व्हता, पाव्हणं."

"आन् तुमी ओ दिली."

आबाजी पायांनी अंधारात चप्पल शोधू लागले.

हिंदुराव उठला. लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढताना शिव्या बसल्या. "ए तात्या, बसा खाली, मुंडासं दिसतंय पडद्यावर." कुणीतरी म्हणालं, "भ्यालं म्हातारं. एक तरी भ्यालं." त्यावर पुन्हा हशा.

बाहेर उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली. भिगवण रस्ता मोकळा पडला होता. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, गुलमोहराखाली एक हातगाडीवाला तोंडावर फडकं घेऊन निजलेला. हिंदुराव पळत होता म्हणायचं, पण त्या वयात पळणं म्हणजे काय, नुसती धाप. त्याच्या डोक्यात एकच होतं. मी ओ दिली न्हाय. मग आता ते तिलाच हाक मारायला जाईल. ती भुलीत आहे. भुलीत माणूस कुणालाही ओ देतं.

दवाखान्यातही दुपार पसरली होती. नर्सबाई टेबलावर मान टाकून बसल्या होत्या. फिनेलचा वास. खोलीबाहेरचा बाक रिकामा, विजयसिंह औषधं आणायला गेला होता. दारावरचा पडदा हलत होता, आणि वारा तर कुठंच नव्हता.

हिंदुरावानं तो पडदा सारला. जयवंता जागी होती. छताकडं बघत होती. त्याला बघून तिनं मान वळवली.

"मगाशी दारातनं माघारी का गेलात?" ती क्षीण आवाजात म्हणाली.

"मी न्हाय... मी आत्ता येतोय."

"हाक मारली की."

हिंदुरावानं कॉटचा गज धरला. "ओ दिलीस?"

जयवंतानं हसायचं केलं आणि पोटावर हात दाबला. "मी कशाला देतीय. नाव घेऊन हाक मारली, जयवंता म्हणून. जन्मात कवा नाव घेतलंत का माजं? तवाच वळाखलं, ह्यो दुसराच कुणीतरी हाय. गप पडून ऱ्हायले."

हिंदुराव खाली स्टुलावर बसला. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. त्यानंही लाजेनं म्हणा, सवयीनं म्हणा, कधी घेतलं नव्हतं. त्या लाजेनं आज बायको राखली होती. तिचा हात त्यानं दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रडताय काय," ती म्हणाली. भूल उतरताना माणूस जरा जास्त बोलतं, तशी ती बोलत होती. "तुमची हाक मला ठावं न्हाय व्हय? शेतातनं आलात की खळ्यातनंच... 'आलीस का गं'. येवढंच. त्या येवढ्यावर जन्म काढला मी. झोपंत जरी म्हणलात, आलीस का गं, तरी मी..."

"हळू बोल."

"का?"

हिंदुरावाचं लक्ष दाराकडं गेलं होतं. पडदा हलायचा थांबला होता. अगदी थांबला होता. पलीकडं उभं राहून कुणी ऐकत असलं की दार जसं वाटतं, तसं ते वाटत होतं. आणि ती बोलायचं ते बोलून बसली होती.

पडद्याच्या पलीकडून, त्याच्याच आवाजात, दमून घरी आल्यावर निघतो त्या आवाजात, कुणीतरी म्हणालं,

"आलीस का गं?"

हिंदुरावाचं स्वतःचं तोंड मिटलेलं होतं. त्यानं झडप घालून तळहात जयवंताच्या तोंडावर ठेवला. तळहाताखाली तिचे सुकलेले ओठ हलले. आवाज फुटला का नाही, ते त्याला कळलं नाही. त्याच्या कानांत स्वतःच्या काळजाचेच ठोके पडत होते.

पडदा सरकला आणि औषधाची पिशवी घेऊन विजयसिंह आत आला. "तात्या, काय करताय हे? श्वास कोंडंल तिचा."

"बाहेर कोन हाय?"

"कोन न्हाय. आख्खा बोळ मोकळा हाय."

जयवंता बरी झाली. टाके सुकले, घरी आली, कामाला लागली. आबाजींची बायको प्रयागबाई मात्र त्याच आठवड्यात गेली. दुखणं नाही, खुपणं नाही. भर दुपारी धान्य निवडत होती, सूप बाजूला ठेवून उठली आणि उंबऱ्यातच बसली ती बसली. आबाजींनी त्यानंतर हिंदुरावाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

पुढं वर्षा-दीड वर्षानं विजयसिंहानं इंदापुरात तो पिक्चर व्हिडिओवर पाहिला. घरी येऊन जेवताना सांगू लागला, तात्या, ती हाक बिक काही मारत नाही. वर्षानुवर्षं हाका मारून तिचा आवाज बसलाय, नुसतं तोंड उघडते. तोच तर विनोद आहे, तिथं आवाजच ठेवलेला नाही. हिंदुराव घास हातात धरून बसून राहिला.

कारण तोवर घरात दुसरंच चालू झालं होतं. काम करता करता जयवंता मधेच मान वर करायची आणि दाराकडं बघून म्हणायची, "आले, आले. येवढा हंगाम उरकू द्या." हिंदुराव तिथंच कुठंतरी असायचा. त्यानं हाक मारलेली नसायची. विचारलं तर तीच नवल करायची, "तुमीच तर म्हणलात."

मग ती म्हणू लागली, "राजेश्वरीचं बाळंतपण तेवढं व्हऊ द्या." सून बाळंत झाली. नातू रांगू लागला. मग म्हणायची, "येवढी कापडं वाळत घालते." मग, "येवढी भाकरी उतरते." हिंदुरावानं दुपारी शेतावर जाणं सोडलं. तो तिच्यासमोर बसून राहायचा. ती काय मागून घेते तेवढंच ऐकायचा, आणि दर खेपेला ते आधीपेक्षा लहान झालेलं असायचं.

परवाच्या दुपारी चूल विझली होती. तवा उतरलेला, परात पुसून भिंतीला लावलेली. दारात ऊन पडलं होतं. जयवंतानं मान वर केली.

"आले की," ती म्हणाली. "पदर तर नीट घेऊ द्या."

हिंदुरावानं तिचा हात धरला. पिठानं पांढरा झालेला, ऊबदार हात. तिनं त्याच्याकडं बघितलं. मग दाराकडं. मग पुन्हा त्याच्याकडं. आणि पोराला समजावावं तशी हळू म्हणाली,

"सोडा आता. तिकडं तुमी कवाचं उभं ऱ्हायलाय."